मदत हवी आहे : कच्च्या रस्त्यावर बाईकची मागची बाजू डोलते, शनिवारी निघायचंय

लाल_फुफाटा
मंडळी, शनिवारी पहाटे सातारा सोडून सज्जनगड, ठोसेघर करत चाळकेवाडीच्या सड्यावर (पठारावर) मुक्काम, रविवारी सडावाघापूरवरून पाटणला उतरून परत, असा बेत आहे. सामान लादून मुरमाच्या रस्त्यावर गाडी घालून पाहिली, तर मागची बाजू सारखी हलते. वळणावर तर कोणी मागून ओढतंय असं वाटतं. डांबरीवर काही नाही. मेकॅनिक म्हणतो गाडी ओके आहे, सामान जास्त झालंय. तंबू न् दोन पथाऱ्या, यात जास्त काय? सामान कसं बांधायचं तेवढंच सांगा. 'नवीन गाडी घ्या' नको.

घाटवाटकरी
गाडी कुठली? टायर ट्यूबवाले की ट्यूबलेस? मागं कोण बसतंय का? यातलं काहीच लिहिलं नाही, घाई मात्र आहे.

सड्यावरचा
हवा कमी करा, विषय संपला. मागची ३२ पीएसआय असेल तर २४ वर आणा, गाडी माती धरते. डांबरीवर आलात की परत भरा. मी कायम हेच करतो.

फुलवेडी
कासला जात असाल तर फेब्रुवारीत फुलं नसतात हं. सप्टेंबरमध्ये या, तेही आधी बुकिंग करून. २०१२ साली जागतिक वारसा झाल्यापासून गर्दी विचारू नका.

घाटवाटकरी
@सड्यावरचा, आधी टायर तर विचारा. ट्यूबच्या टायरात हवा फार उतरवली की टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्यासोबत ओढली जाते आणि वॉल्व मुळातून तुटतो. तिथं पंक्चरचं किट काय करणार? सड्यावर पवनचक्क्या पाहिजे तेवढ्या आहेत, पंक्चरवाला शोधावा लागतो.

लाल_फुफाटा
कासला जात नाहीये. जुनी १५० सीसी, आऱ्यांची चाकं, ट्यूबवाले टायर. कंपनीचं नाव लिहीत नाही, लगेच भांडणं लागतात. मागं धाकटा भाऊ असतो. सामान कॅरियरवर बंगीनं (आकड्यांच्या रबरी दोरीनं) बांधलंय. पाण्याचा २० लिटरचा कॅन जागा उरली नाही म्हणून कॅरियरच्या टोकाला आहे.

जुनी_राजदूत
अरे बाळा, म्हणजे २० किलो चाकाच्याही मागं लोंबतंय! त्यानं पुढचं चाक हलकं होतं. जड सामान खाली आणि पुढं, सीटला चिकटून. पाणी दोन बाजूंना पाच-पाच लिटर, बाकीचं ठोसेघरला भरून घे. आणि बंगी फेकून दे. खड्ड्यात ती ताणते, सामान उडतं. जुनी ट्यूब कापून दोन बोटं रुंद पट्ट्या कर, ओढून गाठ मार. आम्ही पोत्याची पोती अशीच नेली.

सड्यावरचा
काका, ट्यूबही रबरच की! ती नाही का ताणत? कापडी पट्टा न् बकल घ्या, ओढला की हलत नाही.

जुनी_राजदूत
बकलात धूळ गेली की ते उघडत नाही. बघितलंय मी.

माणदेशी_गडी
सामान राहू द्या, रात्री वाऱ्याचं काय? पवनचक्क्या उगाच लावल्यात का तिथं? सड्यावर जांभ्यात खुंटी जात नाही, तंबूचे दोर दगडाला बांधा. आणि आत्ता गवत वाळलंय, उघड्यावर शेकोटी नको. ठिणगी उडाली तर वणवाच.

कोयनाकाठ
मी म्हणतो बामणोलीला जा. शिवसागरच्या काठावर मुक्काम, सकाळी लाँचनं वासोटा.

घाटवाटकरी
वासोटा कोयना अभयारण्यात येतो. २०१० पासून तो सगळा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वनखात्याची परवानगी काढून जायचं आणि दिवसाउजेडी परतायचं, रात्री मुक्काम नाही. शिवाय त्यानं हे विचारलंय का? @लाल_फुफाटा, एक कर. सामान उतरवून गाडी मेन स्टँडवर लाव. मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे हलव. दुसऱ्याला चिमटा (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) चॅसीला जिथं जोडलाय तिथं बोट ठेवायला सांग. नुसतं चाक हललं तर बेअरिंग. चिमट्यासकट हललं तर चिमट्याचे बुश (सांध्यातल्या नळ्या) गेलेत. आऱ्याही एकेक दाबून बघ.

फुलवेडी
पाटणवरून परत येणार तर कंदी पेढे कुठून घेणार? ते साताऱ्यातून निघतानाच घ्या.

सड्यावरचा
पेढे कॅरियरच्या टोकाला बांधू नका म्हणजे झालं.

लाल_फुफाटा
बघितलं. भावानं बोट ठेवलं, मी चाक हलवलं, तर चिमटाच टक् टक् करतोय. तो टकटकाट नुसत्या कानालाही ऐकू येतो. मेकॅनिकला व्हिडिओ पाठवला, आता म्हणतो "बुश टाकून देतो". उद्या संध्याकाळी गाडी मिळेल. मागच्या शॉकअपची खाच (स्प्रिंगचा ताण) एकानं वाढवू का?

घाटवाटकरी
दोघं बसताय, मग दोन खाचा वाढव. हवा २८ च्या खाली नको, आणि परत येईपर्यंत वॉल्व सरळ उभा आहे का ते बघत राहा. तिरका दिसला की थांब, हवा भर.

जुनी_राजदूत
आणि पट्ट्या ट्यूबच्याच.

सड्यावरचा
कापडी.

लाल_फुफाटा
दोन्ही लावतो काका. कॅन घरीच ठेवलाय.