मदत हवी आहे: दख्खनी मेंढरात जुळी देणारी जात आणावी का?

राम राम मंडळी, आम्ही माण तालुक्यातले, घरी साठ-सत्तर दख्खनी मेंढ्या आहेत, दिवाळी झाली की आण्णा आणि चुलते मेंढरं घेऊन बागायती पट्ट्यात उतरतात ते पावसाच्या तोंडावर परत. मेंढरं काटक आहेत यात वादच नाही, उन्हातान्हात चालतात, बाभळीच्या पाल्यावर नि कापणी झालेल्या रानात निभावतात, पण एका वेताला एकच कोकरू, जुळं क्वचितच. वर्षाचा सगळा पैसा कोकरांच्या विक्रीतून, लोकरीला आता गिऱ्हाईकच नाही, वर्षाकाठी मेंढीमागं अर्धा-पाऊण किलो निघते आणि कातरणाऱ्याची मजुरीपण सुटत नाही. तरी आण्णा काळी लोकर सोडायला तयार नाहीत, घरातली घोंगडी त्याच लोकरीची, आणि मलाही ते पटतं.

पाव्हणे म्हणतात जत भागातला माडग्याळ नर घाला, कोकरं उंच आणि वजनदार होतात, बाजारात भाव चांगला. पण त्या जातीला लोकर जवळजवळ नाहीच. दुसरीकडं फलटणच्या निंबकर संस्थेची 'नारी सुवर्णा' वाचण्यात आली, सुंदरबनातल्या छोट्याशा गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्या दख्खनीत आणून तयार केलेली. माझं मन तिकडं ओढतंय. पण प्रश्न असा की नर आणला तर आमच्या आहे त्या मेंढ्या जुळी द्यायला लागतील का, आणि चालत्या कळपात एका मेंढीला दोन कोकरं दुधावर पोसतील का? गरोळ तर अगदी लहान असते म्हणतात, मग कोकरांचं वजन मार खाणार नाही ना? ज्यांनी स्वतः पाळलीय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

प्रतिसाद:
भाऊ, पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, नर बदलल्यानं आत्ताच्या मेंढ्यांना जुळी होत नाहीत. मेंढी एका माजाला किती बीजं सोडते त्यावर जुळं ठरतं, म्हणजे फरक दिसणार तो त्या नराच्या लेकींच्या वेतात, दोनेक वर्षं धीर धरावा लागेल. नर घेताना त्याचा जनुकाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बघा, जनुक आई-बाप दोन्हीकडून आलेला असेल तर सगळ्या लेकींत उतरतो, एकीकडूनच असेल तर साधारण निम्म्यांत. नुसता 'जुळ्यातला नर आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका. वजनाचं म्हणाल तर गरोळचं रक्त पुढच्या पिढ्यांत कमी करत नेलंय, अंगानं नारी सुवर्णा दख्खनीसारखीच दिसते. जुळ्यातलं एकेक कोकरू एकट्यापेक्षा हलकं असतं हे खरं, पण दोन्ही जगली तर मेंढीमागं मांस जास्तच पडतं.

खरी कसोटी जगवण्यात आहे. गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना मूठभर भरडा किंवा पेंड लागतेच, नुसत्या चराईवर पोटातली दोन पोसत नाहीत, मेंढी खाणं सोडून मलूल पडते. व्याल्यावर बघत बसायचं, बऱ्याचदा ती एकाला चाटत राहते आणि दुसऱ्याला ढुशी मारते. अशा वेळी तिला दोन्ही कोकरांसकट दोन दिवस वेगळं कोंडा, कासेला धरून दुबळ्याला आधी पाजा, पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. दूध कमी पडलं तर घरची शेळी कामाला येते. आंत्रविषाराची (कोकरं अचानक दगावणारा आतड्याचा आजार) लस विण्याच्या महिनाभर आधी दिली की चिकातून कोकरांना ताकद मिळते. आणि गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका, त्यातलं तांबं त्यांना बाधतं.

तुमची मेंढरं सहा-सात महिने वाटेवर असतात, म्हणून सगळा कळप एकदम बदलू नका. पंधरा-वीस मेंढ्या वेगळ्या काढा, त्यांना हा नर लावा आणि विण्याच्या काळात तेवढ्या घरीच ठेवता येतात का बघा, घरी चाऱ्याला मेथीघास, शेवरी असेल तर बरंच. नर काळा मिळाला तर आण्णाही खूश होतील.