शब्दचर्चा: 'निपोते' म्हणजे नातू, पुतण्या की भाचा?

मूळ प्रश्न

नमस्कार. मिलानचा कार्डिनल (म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) कार्लो बोरोमेओ (१५३८–१५८४) याच्यावर एक छोटं टिपण लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्यापाशी अडले आहे. इटालियन मजकुरात तो 'पोप पायस चौथा यांचा निपोते' आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात त्याचं 'नातू' झालं. माझ्या हातून पहिल्या खर्ड्यात 'पुतण्या' लिहिलं गेलं, कारण इंग्रजी 'नेफ्यू' म्हटलं की पहिल्यांदा पुतण्याच डोक्यात येतो. आता दोन्हीबद्दल शंका वाटते. नक्की काय लिहू?

दुसरं, त्याच्या पदाला 'कार्दिनाले निपोते' म्हणत. याला मराठीत काय म्हणायचं? आणि 'नेपोटिझम' हा शब्द यातूनच निघाला असं ऐकलंय, ते खरं का?

प्रतिसाद

भाचाच लिहा, डोळे मिटून. कार्लोची आई मार्गेरिता ही मेदिची घराण्यातली आणि पायस चौथा म्हणजे तिचा सख्खा भाऊ जोव्हानी आंजेलो. थोडक्यात, पोप हा कार्लोचा मामा. (हे मिलानचे मेदिची. फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध मेदिचींशी त्यांची गल्लत करू नका, टिपणात तशी तळटीपच टाका.)

मामा २५ डिसेंबर १५५९ ला पोप म्हणून निवडला गेला. भाचा ३१ जानेवारी १५६० ला कार्डिनल झाला. मध्ये सव्वा महिनासुद्धा नाही. वय २१. नुकतीच पाव्हियातून कायद्याची पदवी घेतलेली, गुरुदीक्षा (पाद्री होण्याचा विधी) झालेली नाही, आणि फेब्रुवारीत मिलानच्या धर्मप्रांताचा कारभारही त्याच्याच नावावर. रोममध्ये बसून मामाचा पत्रव्यवहार, राजदूतांच्या भेटी, ट्रेंटच्या धर्मपरिषदेशी रोजचा संपर्क, सगळं तो पाही. 'कार्दिनाले निपोते' हे नुसतं नातं नव्हतं, काम होतं. पोपला ज्याच्यावर डोळे झाकून विसंबता येईल असा घरचा माणूस त्या जागी लागे.

आता शब्दाकडे येते, कारण मला खरी गोडी त्यात आहे. इटालियन 'निपोते' या एका शब्दात आपले किमान चार शब्द मावतात: मुलाचा मुलगा, मुलीचा मुलगा, भावाचा मुलगा, बहिणीचा मुलगा. पुल्लिंगी-स्त्रीलिंगीही तोच, म्हणजे नात, पुतणी, भाची धरल्या तर यादी दुप्पट. उलट बाजूने 'त्सिओ' म्हणजे काकाही आणि मामाही. मराठीत हे चालतच नाही. आपल्याला वाक्य सुरू करायच्या आधी वंशावळ उघडावी लागते. इटालियन लेखकाला आई कुठल्या घरची हे ठाऊक नसलं तरी त्याचं वाक्य पूर्ण होतं, आपलं होत नाही. भाषांतर करताना हा जाच वाटतो खरा, पण त्यामुळे न विचारलेला प्रश्न विचारावा लागतो आणि बहुतेक वेळा हाती काहीतरी लागतं.

उदाहरणार्थ, यंत्राने दिलेलं 'नातू' बोरोमेओच्या बाबतीत चूक आहे, पण पोप तिसरा पॉल याच्या बाबतीत अगदी बरोबर ठरलं असतं. त्याने १५३४ मध्ये आपले दोन 'निपोते' कार्डिनल केले. अलेस्सांद्रो फार्नेसे १४ वर्षांचा, ग्वीदो आस्कानिओ स्फोर्झा १६ वर्षांचा. पहिला पोपच्या मुलाचा मुलगा, दुसरा पोपच्या मुलीचा. दोघेही सख्खे नातू! पोपला मुलगा आणि मुलगी कशी, हा प्रश्न मराठी वाचकाला लगेच पडेल, आणि तो पडायलाच हवा. इटालियनमधला एकच मोघम शब्द तो प्रश्न पडू देत नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो, व्युत्पत्तीची. लॅटिन मूळ शब्द 'नेपोस'. जुन्या लॅटिनमध्ये त्याचा मुख्य अर्थ नातू, 'भावाबहिणीचा मुलगा' हा अर्थ पुढे रुळला. आणि या 'नेपोस'चा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे 'नपात्', 'नप्तृ'. ऋग्वेदातली 'अपां नपात्' ही देवता आठवत असेल. त्याच 'नप्तृ'पासून प्राकृतातून आपला 'नातू' आला. 'पणतू' म्हणजे त्याला 'प्र' लागलेला. म्हणजे नेपोटिझम या शब्दाच्या पोटात आपला नातूच बसलेला आहे. यंत्राने अर्थ चुकवला, पण शब्दाचं कूळ बरोबर पकडलं म्हणायचं.

मला स्वतःला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. आजी ज्या शब्दाने मला हाक मारायची, तो हजारो वर्षं असा दोन वाटांनी चालत आला.

प्रतिसाद

नेपोटिझमबद्दल विचारलंय म्हणून. हो, उगम तिथलाच. पोपच्या दरबारातल्या या प्रथेला इटालियनमध्ये 'निपोतिस्मो' म्हणू लागले. १६६७ मध्ये ग्रेगोरिओ लेती याने या विषयावर पुस्तकच लिहिलं, त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे, आणि तो युरोपभर पसरायला त्या पुस्तकाचा मोठा हात लागला. पोप इनोसंट बारावा याने १६९२ मध्ये आज्ञापत्र काढून ही पद्धत मोडली. पुढे शब्दाचा चर्चशी संबंध सुटला आणि आता आपल्याकडे चित्रपटसृष्टीच्या बातम्यांत तो रोज दिसतो.

मराठीत मात्र याला धड प्रतिशब्द नाही असं माझं मत. 'घराणेशाही' म्हणजे सत्ता पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणं. पोपची गोष्ट नेमकी उलटी. गादी वारशाने मिळत नाही, पुढचा पोप कोण ते माहीत नाही, म्हणून हातात आहेत तेवढ्या वर्षांत घरच्यांचं भलं करून घ्यायचं. 'वशिलेबाजी'त वशिला कुणाचाही चालतो, नात्याचाच हवा असं नाही. 'स्वजनपक्षपात' अर्थाने अचूक, पण तो कागदावरचा शब्द, बोलताना कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. 'भाईभतीजावाद' हिंदी, त्यातला भतीजा आपला नाही. मी कधीकधी 'भाचेशाही' वापरतो. लोकांना लगेच कळतं.

प्रतिसाद

'भाचेशाही'ला माझा आक्षेप आहे, आणि तो बोरोमेओमुळेच.

त्याच काळातली दोन माणसं शेजारी ठेवून पाहा. दोघांचंही नाव कार्लो, दोघेही 'कार्दिनाले निपोते'. आधीचा पोप पॉल चौथा याचा कार्लो काराफा, आणि पायस चौथ्याचा कार्लो बोरोमेओ. काराफा हा पॉलच्या भावाचा मुलगा, म्हणजे पुतण्या. पेशाने शिपाईगडी, पोप काकाच्या जोरावर कार्डिनल झाला आणि इतका माजला की १५५९ च्या जानेवारीत खुद्द काकानेच त्याला पदावरून हाकललं. काका त्याच वर्षी गेला. पायस चौथ्याने काराफावर खटला भरला आणि मार्च १५६१ मध्ये सांत आंजेलोच्या किल्ल्यात त्याचा गळा आवळून त्याला ठार केलं. त्याच सुमारास, त्याच रोममध्ये, भाचा बोरोमेओ मामाच्या कचेरीत कागद हातावेगळे करत होता. पुढे १६१० मध्ये तो संत म्हणून घोषित झाला.

इटालियनमध्ये दोघेही 'निपोते', इंग्रजीत दोघेही 'नेफ्यू'. मराठीत एक पुतण्या, एक भाचा. वाचकाच्या मनात दोन वेगळी घरं उभी राहतात. काका-पुतण्या म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आणि १७७३ आठवल्याशिवाय राहत नाही. मामा-भाचा म्हटलं की लाड आठवतात. (कंस आणि शकुनी हेही मामाच, हे कुणी म्हणण्याआधी मीच म्हणून टाकते. तरीही लाडच आधी आठवतात.) तेव्हा 'भाचेशाही' म्हटलं तर काराफा त्यातून निसटतो आणि सगळा ठपका एकट्या भाच्यांवर येतो. ते मला पटत नाही.

आणि बोरोमेओला त्या शब्दात कोंबणं तर मुळीच पटत नाही. पद त्याला नात्यानेच मिळालं, यात वाद नाही. बारा वर्षांचा असताना आरोनाच्या मठाचं उत्पन्नही चुलत्याकडून, जूलिओ चेझारे बोरोमेओकडून, आलं होतं. म्हणजे तिथे तो पुतण्या म्हणूनही लाभार्थी. पण तेव्हाच त्याने वडिलांना सांगितलं की खर्च भागून उरेल ते गरिबांचं. नोव्हेंबर १५६२ मध्ये थोरला भाऊ फेदेरिको वारला. घरचे म्हणाले, आता दीक्षा राहू दे, लग्न कर, वंश चालव. त्याने १५६३ मध्ये गुरुदीक्षा घेऊन तो विषयच संपवला. डिसेंबर १५६५ मध्ये मामा गेल्यावर नव्या पोपच्या रोममध्ये घुटमळला नाही, मिलानला गेला. त्या शहरात सुमारे ऐंशी वर्षं आर्चबिशप राहायलाच आला नव्हता, नेमणूक व्हायची आणि उत्पन्न परस्पर जायचं. हा राहिला. गावोगाव फिरला, पाद्र्यांसाठी शाळा काढल्या, मठांना शिस्त लावली. शिस्तीचा राग इतका की २६ ऑक्टोबर १५६९ ला उमिलियाती पंथाच्या एका साधूने तो प्रार्थनेत गुडघे टेकून बसलेला असताना मागून गोळी झाडली. गोळी लागली, पण आत शिरली नाही.

१५७६ च्या प्लेगमध्ये स्पॅनिश गव्हर्नर आणि बडे लोक शहर सोडून गेले. बोरोमेओ थांबला. लोकांना घराबाहेर पडायची बंदी झाली तेव्हा त्याने चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे खिडकीत उभं राहून प्रार्थना पाहता यावी. थंडीत अंगावर कपडा नसलेल्यांसाठी आपल्या वाड्यातले पडदे आणि भिंतीवरची कापडं काढून कपडे शिवून घेतले. हे मला कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं. जांभळ्या राजेशाही पडद्याचा अंगरखा घालून निघालेला मिलानचा भिकारी डोळ्यांपुढे आणा.

प्रतिसाद

दुसरी बाजूही टिपणात यावी असं मनापासून वाटतं. १५८३ मध्ये हाच माणूस आजच्या स्वित्झर्लंडमधल्या मेसोल्चिनाच्या डोंगराळ खोऱ्यात गेला आणि तिथल्या चौकशीत जादूटोण्याच्या आरोपाखाली बायकांना जिवंत जाळलं गेलं. संत म्हणून लिहिणारे हे दोन ओळींत उरकतात. त्या बायकांसाठी तरी उरकू नका.

प्रतिसाद

आरोनाला, बोरोमेओच्या जन्मगावी, गेलो होतो, तेवढ्यापुरतं सांगतो. गावाबाहेर त्याचा तांब्याच्या पत्र्याचा पुतळा आहे, १६९८ चा. पुतळा २३ मीटरच्या वर, चौथरा धरून ३५. आतून शिडीने डोक्यापर्यंत चढता येतं. शिडी अगदी उभी, पत्रा उन्हाने तापलेला, खांदे दोन्ही बाजूंना घासतात. वर पोचल्यावर संताच्या डोळ्यांतून बाहेर लागो माज्जोरे हे सरोवर दिसतं.

गावकरी त्याला 'सान कार्लोने' म्हणतात. शेवटचा 'ओने' म्हणजे थोरला, अवाढव्य. आपण हेच काम लिंग बदलून करतो: गाडी-गाडा, सुरी-सुरा, पोथी-पोथा. पण माणसाच्या नावाला असं काही लावायची सोय आपल्याकडे दिसत नाही. 'अवाढव्य कार्लोबाबा' म्हणणं काही बरं नाही.

प्रतिसाद

'कार्डिनल' शब्दाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. लॅटिन 'कार्दो' म्हणजे दाराची बिजागरी. ज्याच्यावर दार फिरतं तो. त्याला मराठी शब्द शोधत बसू नये. १९५३ मध्ये मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले, तेव्हापासून तरी हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांच्या अंगवळणी पडलेला आहे. पोर्तुगीजांकडून आलेला 'पाद्री' जसा आपला झाला, तसाच हाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नात्यासाठी 'भाचा' पक्कं. पदासाठी 'आप्त-कार्डिनल' लिहिते आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे पोपचा भाचा, पुतण्या किंवा नातू' असं उलगडून सांगते. 'भाचेशाही' वापरत नाही, काराफाचं उदाहरण वाचून पटलं. 'स्वजनपक्षपात' एकदाच, जिथे प्रथेबद्दल वाक्य आहे तिथे. मेसोल्चिनाचा परिच्छेद स्वतंत्र ठेवते.

एक शेवटचं. १६०९ मध्ये मिलानचं आंब्रोसियाना ग्रंथालय सुरू करणारा कार्डिनल फेदेरिको बोरोमेओ हाही माझ्या खर्ड्यात 'पुतण्या' झालाय. इंग्रजी मजकुरात 'कझिन' आहे. वयात २६ वर्षांचं अंतर, म्हणून मला पुतण्याच असणार असं वाटलं.

प्रतिसाद

चुलत भाऊ. वर ज्या चुलत्याने कार्लोला मठाचं उत्पन्न दिलं ना, जूलिओ चेझारे, त्याचाच हा मुलगा.