जुन्या साड्यांचे कुडते-झबली शिवून विकतेय: कापडाची पारख आणि किंमत याबद्दल सल्ला हवा

सुईदोरा (सांगली)

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून जुन्या सुती साड्यांची झबली, दुपटी आणि बायकांचे कुडते शिवून विकतेय. बहिणीच्या बाळंतपणात आईच्या मऊ पडलेल्या साड्यांची झबली शिवली होती. बारशाला आलेल्या दोघींनी तशीच मागितली, तिथून सुरू झालं. आता महिन्याला वीस-पंचवीस नग जातात, बहुतेक ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवर. पायमशीनला मोटर बसवून घेतली आहे, ओव्हरलॉक बाहेरून करून आणते.

गेल्या महिन्यात एका बाईंना निळ्या इरकली साडीचा कुडता दिला. दुसऱ्याच धुण्याला तो काखेत फाटला. शिवण जागेवर होती, तिच्या शेजारचं कापडच विरलं होतं. पैसे लगेच परत केले. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. शिवण्याआधी ते कापड मी हातात घेतलंच होतं, मग मला कळलं कसं नाही?

तर पहिला प्रश्न हाच, साडी कापायच्या आधी ती अजून किती टिकेल हे ओळखायचं कसं? दुसरं म्हणजे किंमत. कुडता ६५० ला देते, तरी "जुन्याच साडीचा ना, मग एवढे कशाला?" हे दर दोन गिऱ्हाइकांमागे एकदा ऐकते. तिसरं, घरच्या आणि शेजारच्या साड्या आता संपत आल्या. बाहेरून कुठून घ्यायच्या? आणि ओळखीपलीकडे विकायचं असेल तर कुठे, तेही सांगा.

काठपदर (पुणे)

ताई, पैसे लगेच परत केलेत हे फार चांगलं केलंत. मी अकरा वर्षं हेच काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं सविस्तर सांगते.

मला कापड बघायला आमच्याकडे येणाऱ्या, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारीण मावशींनी शिकवलं. त्या ओट्यावर बसून साडी उलगडायच्या आणि डोळ्यांनी बघायच्या आधी हातांनी बघायच्या. दोन्ही अंगठे दोन बोटांच्या अंतरावर ठेवून कापड चिमटीत धरायचं आणि ताणायचं. एकदा उभ्या धाग्यात, एकदा आडव्यात. धडधाकट सुती कापड ताण घेतं आणि सोडलं की परत जागेवर येतं. संपत आलेलं कापड बारीक करकरतं. तो आवाज एकदा ओळखू आला की विसरत नाही. ताणलेल्या जागी धागे सरकून फट राहिली तर तो भाग कुडत्याला घ्यायचा नाही.

हे एकाच जागी करून भागत नाही, कारण साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. निऱ्यांचा खालचा भाग पायात घासून जातो. बसायच्या जागेचं कापड पातळ होतं. खांद्यावर पिनेची भोकं पडतात आणि त्यांच्या भोवतीचे धागे कमजोर होतात. याउलट कमरेला पहिला वेढा घेतो तो खोचलेला, आतला भाग बहुतेक वेळा जवळजवळ नवा असतो. साडेपाच मीटर साडीतून मला कुडत्याच्या मुख्य भागाला लायक कापड कधी तीन मीटर मिळतं, कधी दीडच. म्हणून मी साडी खिडकीच्या काचेवर धरून उजेडात पुढे सरकवत बघते, विरळ दिसेल तिथे शिंप्याच्या खडूने खूण करते. अर्धा तास जातो, पण तो अर्धा तास कामातच धरा.

मग धुणं. कापायच्या आधी साडी दोनदा धुवायची, अगदी गिऱ्हाईक धुवेल तशी. शक्य असेल तर मशीनमध्ये. जी जाणार ती तिथेच जाऊ दे. रंगासाठी पांढरा ओला रुमाल काठावर घासून बघा. गडद लाल आणि काळे काठ सोडतात, आणि सोडणारा काठ पांढऱ्या अंगाला कधी जोडायचा नाही.

तुमचा कुडता काखेत का गेला असेल? मला दोन कारणं दिसतात. काखेत घाम आणि ताण दोन्ही येतात, तिथे जुनं कापड एकेरी चालत नाही. दुसरं म्हणजे टीप. मशीन नव्या कापडाच्या बारीक टाक्यावर लावलेलं असेल तर जुन्या कापडाला सुई जवळजवळ भोकं पाडत जाते आणि कापड शिवणीच्या कडेने फाटतं, तिकीट फाटावं तसं. टाका तीन मिलिमीटरपर्यंत मोठा करा, नेहमीच्या १४ नंबरऐवजी ११ नंबरची सुई लावा, माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) पाऊण इंच सोडा. बाही आणि काखेला नव्या मलमलचं किंवा टू बाय टू रुबियाचं अस्तर द्या. काखेत चौकोनी तुकडा घातलात तर ताण वाटला जातो. जुन्या अंगरख्यांना तो असायचाच.

रेशमी साडीबद्दल वेगळं. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच तडकतं. वरून छान दिसतं, पण घडीच्या रेषेवर बोट फिरवलं की कळतं. अशा साडीचा कुडता नको. तुकडे करून अस्तरावर बसवा, जाकिटाच्या पाठीला, पिशवीला, बटव्याला.

उभाधागा (इचलकरंजी)

काठपदर यांनी जवळजवळ सगळं सांगितलंय. एक भर घालतो. माझं आयुष्य यंत्रमागावर गेलं. साडी कशाची आहे हे आधी जाणून घ्या. कडेचा धागा काढून काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राख मऊ पडते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून गोळी होते, थंड झाल्यावर ती कडक लागते. बाळाच्या कपड्याला शंभर टक्के सूतच वापरा. दुकानदार कॉटन म्हणाला होता यावर जाऊ नका. पुष्कळ साड्यांत ताणा एक आणि बाणा दुसरा असतो, म्हणून उभा आणि आडवा, दोन्ही धागे जाळून बघा.

मालाबद्दल म्हणाल तर आमच्याकडे आखूड तुकडे आणि कडेचा डागी माल किलोवर मिळतो. तो वापरलेला नसतो, पण एरवी वायाच जातो. अस्तराला आणि पट्ट्यांना उत्तम. सांगलीहून जवळही आहे, एकदा चक्कर मारा.

रानजाई (नाशिक)

किंमतीबद्दल बोलते, कारण मीही तीन वर्षं स्वस्त विकून दमले होते.

ताई, वही घेऊन एका कुडत्याचा हिशोब मांडा. माझा असा आहे. साडी १५०, दोन मीटर अस्तर १८०, दोरा-बटणं ४०, धुणं-इस्त्री ३०, पॅकिंग ३०. झाले ४३०. साडी तपासणं, उसवणं, कटिंग, शिवण, हातशिलाई मिळून पाच तास. तासाला १०० धरले तरी ५००. म्हणजे ९३०. शिवाय पाचातली एक साडी धुतल्यावर बाद होते, तिचा भार म्हणून ७०. हे झाले १०००, आणि यात प्रदर्शनाचं भाडं, कुरिअर, मशीनची दुरुस्ती काहीच नाही. मी १३०० ला विकते. तुम्ही ६५० ला देता, म्हणजे सामानाचे पैसे काढले की पाच तासांचे तुमच्या हातात सव्वादोनशेसुद्धा पडत नाहीत. मोलमजुरीलाही कुणी या दराने बोलावत नाही.

"जुन्याच साडीचा ना" म्हणणाऱ्या बाईंना मी कुडता उलटा करून दाखवते. आतलं अस्तर, दुहेरी शिवण, काठ कुठे जुळवलाय ते. पदराची बुट्टी बरोबर छातीच्या मध्यावर यावी म्हणून कापड किती वाया गेलं, तेही सांगते. बऱ्याच जणी मग घेतात. ज्या घेत नाहीत त्यांच्यासाठी भाव उतरवत नाही. त्यांना चारशेची पिशवी दाखवते.

निळीजीन (ठाणे)

जीन्सवर काम करत असाल तर १६ किंवा १८ नंबरची सुई, आणि जाड शिवणीवर हाताने चाक फिरवा, मोटरवर सुई तुटते. सोलापुरी चादरीची जाकिटं सध्या खूप चालतात. चादर जुनी असली तरी विणीत दम असतो. बघा जमतंय का. बटणं-लेस पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत घाऊक मिळतात.

आणि एक सल्ला. जाहिरातीत "जुनी साडी" हा शब्दच टाळा. व्हिंटेज म्हणा, बुटीक म्हणा. मी तसंच करते, गिऱ्हाईक प्रश्न विचारत नाही.

काठपदर (पुणे)

निळीजीन, तुमचा सल्ला मला पटत नाही. कापड आधी कुणीतरी नेसलेलं आहे हे घेणाऱ्याला पैसे देण्याआधी कळलंच पाहिजे. काहींना वापरलेलं कापड घालायचं नसतं. काही घरांत गेलेल्या माणसाची साडी अंगाला लावत नाहीत. ती त्यांची भावना आहे, तिला फसवून आपण विकायचं का? मी प्रत्येक कपड्याला कापडी पट्टी लावते. साडी कुठली, सूत की रेशीम, अंदाजे किती जुनी, कुठे डाग किंवा रफू आहे, कसं धुवायचं. डागाचा फोटोही पाठवते. हे सुरू केल्यापासून परत येणारा माल जवळजवळ थांबला.

आपल्याकडे बाळाला पहिलं कापड जुनंच घालतात ना? धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं. जुनेर हा शब्द आपल्या भाषेत आहे आणि त्यात कमीपणा नाही. तोच शब्द मी पट्टीवर छापते.

वाकळ (कराड)

मी शिवत नाही, शिवून घेते. आजी गेल्यावर तिची नऊवारी लुगडी ट्रंकेत होती. एकीला वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला दिली. तिने मला न विचारता सगळ्यांचे काठ कापून बाजूला केले, म्हणाली वाकळीत काठ टोचतात. ते खरंही असेल. पण आजीचा हात सतत त्या काठावर असायचा, मला तो हवा होता. शिवणाऱ्यांना एवढीच विनंती, कुणी घरची साडी आणून दिली तर कात्री लावायच्या आधी एकदा फोन करा. काय कापणार, काय उरणार, उरलेलं परत देणार का, हे आधी बोलून घ्या.

उभाधागा (इचलकरंजी)

वाकळताईंचं अगदी बरोबर. आणि जुन्या पैठणीला किंवा शालूला कात्री लावण्याआधी तिच्या जरीची तार तपासून घ्या. खरी जर चांदीच्या तारेची असते, जुनी जर विकत घेणारे व्यापारी त्या चांदीसाठीच पैसे देतात. घरच्यांना हे माहीत नसेल तर आपण सांगायला हवं.

रानजाई (नाशिक)

विकण्याचं राहिलंच. बचत गटात असाल तर तालुक्याच्या उमेद (बचत गटांसाठीचं सरकारी अभियान) कार्यालयात विचारा. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांना जागा मिळते. पुण्याची भीमथडी जत्रा बहुतेक डिसेंबरात असते, तिथलं गिऱ्हाईक हाताच्या कामाची किंमत जाणतं. अर्ज बरेच महिने आधी करावा लागतो. छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटीला घाबरू नका, राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल पाठवणार असाल तर मात्र आधी सीएला विचारा.

ऑनलाइन विकताना आपली अडचण अशी की प्रत्येक नग एकच असतो, म्हणजे प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाची मापं. मी एम, एल लिहीत नाही. छाती, खांदा, उंची, बाहीची गोलाई इंचात लिहिते. आणि कुडत्याचं कटिंग तीनच नमुन्यांत ठेवलंय. कापड दर वेळी वेगळं असतं, नमुना तरी हाताखालचा असावा.

सुईदोरा (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे घेतले, म्हणून उशिरा लिहितेय.

घरातल्या उरलेल्या नऊ साड्या दोनदा धुतल्या आणि खिडकीत धरून बघितल्या. चार कुडत्याला चालतील. तीन साड्यांची फक्त दुपटी होतील. दोन करकरल्या. काठपदरताई, तो आवाज तुम्ही म्हणता तसाच आहे. त्या निळ्या इरकलीचा उरलेला तुकडाही ताणून बघितला, तोही करकरला.

आमच्या गल्लीत येणाऱ्या बोहारीण मावशींशी बोलले. सुती साड्या रोख पैशाने घेईन म्हटल्यावर त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग गाठोडं सोडून बसल्या. मी एक साडी घाईने उचलली तर म्हणाल्या, ती नको, पाणी लागलंय तिला. मला काहीच दिसलं नव्हतं. दर बुधवारी येतील.

नवीन कुडत्याची किंमत ११५० ठेवली आहे, पट्टीसकट. पहिला त्या निळ्या कुडत्याच्या बाईंनाच दाखवला. त्यांनी पट्टी पूर्ण वाचली, उलटा करून काखेचं अस्तर बघितलं आणि घेतला.

वाकळताई, काठ काढले तर त्यांचं काय करायचं यावर मी एक करून बघतेय. काठ तसाच अखंड ठेवून दुपट्याच्या बाहेरच्या कडेला लावतेय, उलट्या बाजूने मऊ पट्टी देऊन, म्हणजे बाळाला टोचणार नाही. जमलं की फोटो टाकते.