लेख वगळण्याचा निर्णय कोणी आणि किती दिवसांत घ्यावा?

गिरणगावकर
मुंबईच्या स्थानिक इतिहासाचा एक छोटा मुक्त कोश आम्ही काही स्वयंसेवक चालवतो. लालबागच्या एका जुन्या व्यायामशाळेवरचा माझा लेख ‘संदर्भ नाहीत’ एवढ्या शेऱ्यावर दोन दिवसांत वगळला गेला. पानकाढा साचा, म्हणजे पान वगळावे असे सुचवणारी पाटी, लावणारा आणि पान वगळणारा प्रचालक (पाने वगळण्याचा अधिकार असलेला सदस्य) एकच होता. संदर्भ होता, पण तो व्यायामशाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, आणि ती आंतरजालावर नाही. इंग्रजी विकिपीडियावर लेख वगळावा की ठेवावा याची चर्चा साधारणपणे 7 दिवस चालते. आपणही तोच नियम घ्यावा काय?

दादरची वाचक
नियम जसाच्या तसा उचलू नये, असे मला वाटते. तिथे सहभागी पुष्कळ असतात आणि तरीही चर्चेला पुरेसे लोक आले नाहीत, तर मुदत वाढवून दिली जाते. आपल्याकडे तिघे बोलले तरी गर्दी झाल्यासारखे वाटते, आणि नोकरी सांभाळून ग्रंथालयात जुने अंक चाळणाऱ्याला आठवड्यात जेमतेम एक दिवस मिळतो. गिरणगावाविषयीचे बरेच साहित्य छापील आहे, हे लक्षात घेऊन मुदत महिन्याची असावी. शिवाय निकाल डोकी मोजून लावू नये. मंडळातले दहा मित्र गोळा करून कौल जिंकणे अवघड नसते. मुद्दे तोलून निर्णय द्यावा, आणि तो चर्चेत भाग न घेतलेल्या प्रचालकाने द्यावा.

जुना प्रचालक
शेवटचे वाक्य मान्य. मीही घाईत असे शेरे मारले आहेत. मात्र सरसकट महिना नको. आपल्याकडे वगळली जाणारी पाने बहुतेक करून गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या जाहिराती असतात, त्यांच्यावर चर्चा कसली करायची? एखाद्याची बदनामी करणारा किंवा पुस्तकातून उतरवलेला मजकूरही ताबडतोब निघायला हवा, कारण 1957च्या कायद्यानुसार लेखकाचा स्वामित्वहक्क सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. उरलेल्या पानांसाठी वगळण्याऐवजी मसुद्यात, म्हणजे लेखकाला दुरुस्ती करता येईल अशा कच्च्या पानांच्या विभागात, हलवण्याची सोय करावी. वगळलेले पान साठ्यातून पुसले जात नाही, प्रचालकाला ते परत आणता येते. पण लेखकाला ते दिसत नाही, आणि दुरुस्ती तर त्यालाच करायची असते.

एक शंका मात्र राहते. संस्थेने स्वतःच काढलेली स्मरणिका हा स्वतंत्र संदर्भ कसा मानायचा? स्थापनेच्या वर्षासाठी ती चालेल, थोरवी सिद्ध करण्यासाठी चालणार नाही.

गिरणगावकर
शंका रास्त आहे, आणि हेच वाक्य वगळताना कोणी लिहिले असते तर मी हा प्रश्न विचारलाच नसता. स्मरणिकेत वृत्तपत्रांची दोन कात्रणे पुन्हा छापली आहेत, पैकी एकावर तारीख आहे. मूळ अंक शोधायला शनिवारी जातो. तोवर पान मसुद्यात आणून द्यावे, ही विनंती.