मदत हवी आहे: सोसायटीच्या एसटीपीची (सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटची) वही कशी वाचायची?

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय, त्यासोबत एसटीपीही. तिथून येणाऱ्या फ्लशच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून फोनवर फोन. ऑपरेटर "साहेब, रिपोर्ट ओके आहे" म्हणत वही पुढे करतो. वहीत रोज तेच: बीओडी ८, सीओडी ६, एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) ३०००. एसव्ही-३० चा रकाना कोरा. एरेशन टँकवर पांढरा फेस असतो. वीजबिल वाचावं म्हणून आधीच्या कमिटीपासून त्या टँकला हवा देणारा ब्लोअर रात्रभर बंद. आमचे मेहुणे म्हणतात, तपोवनात महापालिका हवा न देताच मैलापाणी साफ करते, मग तुम्हाला ब्लोअर कशाला? खरंय का हे? आणि वहीतला कुठला आकडा धरायचा?

प्रतिसाद १
ती वही गुंडाळून ठेवा. सीओडी बीओडीपेक्षा कमी येऊच शकत नाही! बीओडी म्हणजे घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. सीओडीत तीच घाण रसायनाने जाळतात, आणि जिवाणूंना न पचणारीही त्यात जळते. शिवाय बीओडीची चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते, तो आकडा रोज सकाळी येतो कुठून? महिन्यातून एकदा बाहेरच्या लॅबकडून करून घ्या, नमुना भरताना स्वतः उभे राहा.

रोज बघायचं ते एसव्ही-३०, म्हणजे ३० मिनिटांत गाळ किती बसतो ते. एक लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये एरेशन टँकचं चॉकलेटी पाणी भरा आणि अर्धा तास हात लावू नका. गाळ २००-३०० मिलीच्या रेषेपाशी बसला, वरचं पाणी नितळ दिसलं, तर ठीक. ५० लाच थांबला तर टाकीत जिवाणूच उरले नाहीत समजा. पांढऱ्या फेसावरून मला तीच शंका येतेय.

प्रतिसाद २
मेहुण्यांचं अर्धं खरं. तपोवनातल्या जुन्या प्लांटची पद्धत यूएएसबी. त्यात मैलापाणी गाळाच्या थरातून खालून वर चढतं, हवेशिवाय जगणारे जिवाणू ते खातात आणि मिथेन निघतो. वीज वाचते, पण बीओडी पुरेसा उतरत नाही, पुढे आणखी प्रक्रिया लागतेच. तुमच्या टाकीतले जिवाणू हवेवर जगणारे. रात्रभर हवा तोडली की गाळ तळाला बसून सडतो, हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तोच तुमचा वास. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. बिलाचीच काळजी असेल तर टायमर लावा, सलग बंद नको. गाळ खरंच संपला असेल तर कुणी शेण टाकायला सांगेल; त्यापेक्षा चांगल्या चालणाऱ्या एसटीपीतून टँकरभर गाळ आणा, लवकर जम बसतो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. सिलिंडर मागवतो, ब्लोअर आज रात्रीपासून चालू. टायमर लावला तर एका वेळी जास्तीत जास्त किती वेळ बंद चालेल?