पिंडाला न शिवणाऱ्या कावळ्याला नेमके काय दिसत असते?

गिरगावची वाचक (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या आईचे दहाव्याचे विधी वाळकेश्वरला बाणगंगेच्या काठी झाले. पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरलो आणि जवळजवळ दीड तास वाट पाहत उभे राहिलो. कावळे नव्हते असे मुळीच नाही. समोरच्या कठड्यावर पाच-सहा बसले होते आणि त्यांतला एक तर दोनदा अगदी हातभर अंतरावर येऊन, मान तिरकी करून, पिंडाकडे पाहून परत गेला. जमलेल्या नातेवाइकांनी आईची कोणती इच्छा राहिली असेल याचा विचार करून एकेक गोष्ट बोलून दाखवली. अखेर मामा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “ताई, धाकट्याचे शिक्षण पुरे होईपर्यंत मी आहे, तू काळजी करू नकोस.” त्यानंतर मिनिटभरातच कावळा शिवला.

मला येथे श्रद्धा आणि अंधश्रद्धा असा वाद मांडायचा नाही. तो घरी पुरेसा झाला आहे आणि त्यातून मला काहीच मिळालेले नाही. माझा प्रश्न कावळ्याविषयी आहे. भात तोच होता, दगड तोच होता, माणसेही तीच होती. तरीही दीड तास नको असलेली गोष्ट त्या पक्ष्याला एका मिनिटात हवीशी वाटली. त्याने काहीतरी पाहिले, काहीतरी तोलले आणि निर्णय घेतला. त्याच दीड तासात मीही त्याला तोलत होते आणि त्याच्या मानेच्या प्रत्येक हालचालीत मला आईची नाराजी दिसत होती. कावळ्याला माझी आई दिसत नव्हती, एवढे मला कळते. मग त्याला काय दिसत होते?

शिवडीचा पक्षीनिरीक्षक

आपल्या दुःखात सहभागी आहे. प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडलात, म्हणून मीही जपून उत्तर देतो.

आपण सांगितलेल्या तिरक्या मानेपासून सुरुवात करतो. कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे एखादी वस्तू बारकाईने पाहायची असेल, तर तो अनेकदा मान वळवून एकाच डोळ्याने तिच्याकडे पाहतो. माणसाने मान वाकडी केली, तर आपण ती शंका किंवा नापसंती समजतो. कावळ्याच्या बाबतीत ते निव्वळ निरखून पाहणे असते. म्हणजे ज्या हालचालीत आपल्याला नकार दिसला, ती बहुधा त्याची उत्सुकता होती. त्याला दिसलेला पिंडही आपल्याला दिसला तसा नसणार. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, तर पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या असतात. पांढरा भात, त्यावरचे काळे तीळ आणि वाहिलेली फुले यांचे रंग त्याला कसे वाटत असतील, याची कल्पना आपल्या तीन प्रकारांच्या आधाराने करता येत नाही.

मात्र माझ्या मते त्या दीड तासाचे उत्तर पिंडात नव्हते, आपणा सर्वांत होते. मुंबईतला गावकावळा माणसावर जगतो आणि माणसालाच सर्वाधिक घाबरतो. दगड उचलण्यासाठी नुसते वाकले, तरी तो उडतो, हे कोणत्याही मुलाला ठाऊक असते. हात रिकामा असला तरी त्याने वाकण्याचा अर्थ लावलेला असतो. अमेरिकेतील कावळ्यांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले आहे की जवळ येणारा माणूस आपल्याकडेच पाहत आहे की दुसरीकडे, याची ते दखल घेतात आणि रोखून पाहणाऱ्यापासून लवकर दूर होतात. तेथील सिअ‍ॅटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या परिसरात, जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली एक विशिष्ट मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कोणीही फिरले, की कावळे त्याच्यावर कलकलाट करीत. कधीच न पकडलेले कावळेही इतरांचे पाहून त्यात सामील झाले. चेहरा आणि नजर या कावळ्यासाठी जिवाच्या गोष्टी आहेत.

आता दहाव्याच्या दिवसाचा देखावा कठड्यावरून पाहा. वीस-पंचवीस माणसे अर्धवर्तुळात निश्चल उभी आहेत आणि सगळ्यांची नजर एकाच पक्ष्यावर खिळलेली आहे. फुकट भाताभोवती शहरातली माणसे अशी उभी राहिलेली तो एरवी कधी पाहत नाही. तो जवळ आला आणि परत गेला, ते मला अगदी योग्य मूल्यमापन वाटते.

दादरचा वाचक

मी गेली बारा वर्षे अशा विधींच्या तयारीला मदत करतो, म्हणून दोन व्यवहारातल्या गोष्टी सांगतो. पहिली अशी की सकाळी लवकर कावळा पटकन शिवतो आणि अकराच्या पुढे वेळ लागतो, कारण तोवर आधीच्या चार-पाच घरांच्या पिंडांवर त्यांची पोटे भरलेली असतात. दुसरी अशी की गर्दी मोठी असली की मी सगळ्यांना पायऱ्या चढून वर जायला सांगतो, आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होते. कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात, अशी सोय परंपरेतच आहे. तेव्हा कोणीही मनाला लावून घेऊ नये. मी हे मोजून पाहिलेले नाही, नुसते पाहिलेले आहे.

मुलुंडची प्राध्यापिका

मी मानसशास्त्र शिकवते. वरच्या उत्तरांमुळे एक जुनी गोष्ट आठवली आणि ती आपल्या मामांच्या शब्दापाशी येऊन पोहोचते, असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती होती. त्याचे मालक फॉन ओस्टेन प्रश्न विचारीत आणि घोडा खूर आपटून उत्तर देई. लबाडी कोठेही नव्हती; मालकांचा स्वतःचाही घोड्यावर पूर्ण विश्वास होता. ऑस्कर फुंगस्ट यांनी कसून तपासणी केली आणि 1907 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकत असे. योग्य आकडा आला, की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर उचलले जाई आणि ती हालचाल पाहून घोडा थांबे. विचारणाऱ्यांना आपण काही खूण करतो आहोत याचा पत्ताच नसे. फुंगस्ट यांना स्वतःची हालचाल माहीत झाल्यावरही ती थांबवणे जड गेले होते.

हे उदाहरण बहुतेकदा ‘घोड्याला गणित येत नव्हते’ एवढ्यासाठी सांगितले जाते आणि ते मला फार अपुरे वाटते. त्या घोड्याला माणसे वाचता येत होती, आणि तीही इतक्या बारकाईने की माणसांना स्वतःला तसे वाचता येत नव्हते. कावळ्यालाही आपल्यातला असाच एखादा बदल दिसला असेल का? मृताच्या नावाने शब्द दिला जातो, तेव्हा जमलेले लोक काय करतात, हे आठवून पाहा. हात जोडले जातात, माना खाली जातात, डोळे मिटतात किंवा भरून येतात. पक्ष्यावर खिळलेल्या सगळ्या नजरा एकदम निघून जातात. असे असेल, तर शब्द आणि काकस्पर्श यांचा संबंध निव्वळ योगायोगाचा ठरत नाही. तो संबंध आपल्या शरीरांतून जातो. ही माझी अटकळ आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

कावळा यंत्रासारखा प्रतिक्रिया देतो, असेही मला म्हणायचे नाही. जर्मनीतील ट्युबिंगन येथे आंद्रेआस नीडर यांच्या गटाने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कावळ्यांना अत्यंत अंधूक प्रकाशखूण दाखवून ती दिसली की नाही, हे कळवायला शिकवले होते. खूण तेवढीच अंधूक असूनही पक्षी कधी ‘दिसली’ असे कळवी, कधी ‘नाही’ असे. आणि त्याच्या मेंदूतील काही पेशींची क्रिया खुणेपेक्षा त्याच्या या उत्तराशी जुळत होती. म्हणजे आपल्याला काय जाणवले, याचा काही हिशेब कावळ्याच्या आतही चालतो. दृष्टी तशी सृष्टी, हे आपण माणसांपुरते म्हणतो. ते कावळ्यालाही लागू करायला हरकत नसावी.

परळचा श्रोता

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, म्हणून थोडी वेगळी साक्ष देतो. वडिलांच्या दहाव्याला मीही असाच उभा होतो आणि कावळा शिवला, हे मला कोणी सांगण्याआधी कळले होते. प्रथम माणसांचा आवाज बंद झाला. कुजबुज थांबली, पायांखालची खडी वाजायची थांबली, आणि मग पंखांची फडफड ऐकू आली. त्यानंतर सगळे एकदम बोलू लागले. माझ्याबरोबरच्या डोळस नातेवाइकांना विचारले, तर त्यांच्या मते क्रम उलटा होता: कावळा आला आणि म्हणून सगळे गप्प झाले.

अडथळ्याची जाणीव आम्हाला चेहऱ्याच्या त्वचेने होते, असे पूर्वी अनेक अंध व्यक्तींनाही वाटत असे. 1944 साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी कान बंद करून पाहिले, तेव्हा ती जाणीव नाहीशी झाली. ती पावलांच्या प्रतिध्वनीतून येत होती. आपल्याला कशामुळे कळले, हे आपले आपल्यालाच ठाऊक नसते, तेव्हा क्रमाविषयी मी हट्ट धरणार नाही. पण प्राध्यापिकाबाईंच्या अटकळीला माझ्या कानांचा दुजोरा आहे.

गिरगावची वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वाचल्यावर काल रात्री मामांना दूरध्वनी केला आणि शब्द देताना ते कोठे पाहत होते, हे विचारले. ते म्हणाले, “डोळे मिटले होते गं. ताईचा चेहरा आठवत होतो.” मावशीने पदर डोळ्यांना लावला होता, हे मला स्वतःला आठवते. मी मात्र मामा बोलू लागल्यावर धाकट्या भावाकडे वळून पाहिले होते, कारण त्याला रडू आवरत नव्हते. म्हणून कावळा उतरताना मला दिसलाच नाही. पिंडावर चोच मारताना दिसला, तेवढाच.