राणीवसा, दरुणी महाल आणि ‘राणीसाहेब’

प्रश्न

मराठेशाहीतील राजस्त्रियांवर लिहिलेल्या कादंबऱ्यांत ‘अंतःपुर’, ‘राणीवसा’ आणि ‘जनानखाना’ हे शब्द एकाच प्रकरणात, एकाच जागेसाठी आलटूनपालटून वापरलेले आढळतात, आणि त्या जागेत राहणारी प्रत्येक स्त्री ‘राणीसाहेब’ असते. या शब्दांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत का? सतराव्या-अठराव्या शतकातील कथानकात कोणता शब्द शोभेल?

उत्तर

छटा वेगळ्या आहेत, आणि त्या ओळखून शब्द निवडला तर वाचकाला त्या स्त्रीची जागा, मान आणि अधिकार वेगळे सांगावे लागत नाहीत. ‘अंतःपुर’ हा संस्कृत काव्यनाटकांतला शब्द आहे. शाकुंतलाच्या वातावरणात तो सहज बसतो, पण रायगडावर परका वाटतो. ‘राणीवसा’ मराठी वळणाचा आहे, आणि त्याची खुबी अशी की त्यातून राण्यांचे निवासस्थान आणि राण्यांचा समुदाय हे दोन्ही अर्थ निघतात. ‘राणीवसा पाठीमागून येत होता’ हे वाक्य म्हणूनच निर्दोष आहे. ‘जनानखाना’ हा फारसी ‘जन’ म्हणजे स्त्री या शब्दावरून आलेला असून मुळात त्यात काहीही कमीपणा नाही. आज मात्र त्याला भोगविलासाची छटा चिकटली आहे, त्यामुळे तो जपून वापरावा.

शिवकालीन कारभाराला सर्वांत जवळचा शब्द मात्र कादंबऱ्यांत फारसा दिसत नाही. बारा महालांच्या प्रसिद्ध यादीत पोते, कोठी, पागा, टंकसाळ, छबिना यांच्या रांगेत ‘दरुणी महाल’ही आहे. फारसी ‘दरून’ म्हणजे आत. कोठी आणि पागा यांच्यासारखाच राजस्त्रियांचा महाल हेही कारभाराचे एक स्वतंत्र खाते होते, हे या एका शब्दातून दिसते. ‘दरुणी महालाकडील कारकून आला आहे’ असे एक वाक्य कथेत आले, तरी त्या महालाला खर्च, नोकर आणि हिशेब असतो याचे भान वाचकाला येते. पडदे, अत्तर आणि झोपाळे यांच्या लांबलचक वर्णनांनी ते येत नाही.

आता ‘राणी’ या शब्दाविषयी. येथे घोटाळा अधिक आहे आणि तो अधिक खटकतो. जिजाबाई या शहाजीराजांसारख्या मातबर सरदाराच्या पत्नी होत्या. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा त्या छत्रपतींच्या मातोश्री होत्या, आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, त्यांचे निधन झाले. ‘राणी’ म्हणून त्या कधीही वावरल्या नाहीत. त्यांच्यासाठी ‘मातोश्री’ आणि ‘आऊसाहेब’ हेच शब्द योग्य आहेत. ‘आऊ’ म्हणजे आई, आणि या जुन्या मराठी शब्दात जी माया व दरारा एकत्र आहे ती अलीकडे रूढ झालेल्या ‘माँसाहेब’मध्ये मला तरी जाणवत नाही. सोयराबाईंसाठी ‘पट्टराणी’ हा शब्द अचूक आहे, कारण ‘पट्ट’ म्हणजे अभिषेकाच्या वेळी मस्तकी बांधायची पट्टी. पट्टराणीपद विधीने मिळते, राजाच्या मर्जीने नाही. कहाण्यांतली ‘आवडती’ आणि ‘नावडती’ ही विभागणी वेगळी, आणि ‘पट्टराणी’चा अर्थ ‘लाडकी राणी’ असा करणारे लेखक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

येसूबाईंच्या बाबतीत तर शिक्काच बोलतो: ‘श्री सखी राज्ञी जयति’. ‘राज्ञी’ हे पद आणि ‘सखी’ हे नाते त्यात शेजारी शेजारी आले आहेत. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये परत आल्या. गेल्या तेव्हा पुत्र शाहू लहान होते, परतल्या तेव्हा ते छत्रपती होते. त्यामुळे कैदेपूर्वीच्या प्रकरणांत त्यांना ‘महाराणी’ म्हणणारा निवेदक साताऱ्याच्या प्रकरणांत ‘मातोश्री’वर आला पाहिजे. वैधव्यानंतर संबोधन बदलते हेही विसरू नये. सुवासिनीला पत्रात ‘वज्रचुडेमंडित’ आणि विधवेला ‘गंगाभागीरथी’ लिहिण्याचा प्रघात होता. पत्राचा मायना जसाच्या तसा देणाऱ्या कादंबरीकाराने ही दोन विशेषणे उलटसुलट केली, तर जाणत्या वाचकाचा सगळ्या प्रसंगावरचाच विश्वास उडतो.

पुरवणी

वरील उत्तरात पेशवे आणि सरदारांची घराणी राहिली आहेत. पेशवे हे छत्रपतींचे प्रधान होते. म्हणून शनिवारवाड्यातील काशीबाई, गोपिकाबाई किंवा रमाबाई यांना ‘राणी’ म्हणणे चूक आहे, आणि त्या वाड्यात ‘राणीवसा’ही नव्हता. तेथे ‘बाईसाहेब’, ‘मातोश्री’ आणि घरातली नाती यांवरच संवाद चालवावा. ‘गोषा’ हा शब्दही तेथे नको. मुळात ‘कोपरा’ असा अर्थ असलेला हा फारसी शब्द मराठा राजघराण्यांतील पडद्यासाठी रूढ झाला. पेशव्यांच्या घरात ती चाल नव्हती. १७३५ मध्ये काशीयात्रेला निघालेल्या राधाबाईंना, म्हणजे पहिल्या बाजीरावांच्या मातोश्रींना, गोषात बसवणारा लेखक दोन घराण्यांच्या रीती एकत्र करतो.

अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव ‘सुभेदार’ होते. १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी दौलतीचा कारभार पाहिला, आणि आदराने त्यांना ‘मातोश्री’ म्हटले गेले. ‘राणी अहिल्याबाई’ ऐकायला भारदस्त वाटते, परंतु राणीपद नसताना एवढा अधिकार चालवणे हीच त्यांची थोरवी आहे आणि त्या शब्दाखाली ती झाकली जाते. झाशीच्या लक्ष्मीबाई मात्र राजाच्या विवाहित पत्नी, म्हणजे सर्वार्थाने राणी. तरीही त्या काळी झाशीत राहिलेले विष्णुभट गोडसे ‘माझा प्रवास’मध्ये त्यांचा उल्लेख ‘बाईसाहेब’ असाच करतात. तेव्हा निवेदनात ‘राणी’ आणि पात्रांच्या तोंडी ‘बाईसाहेब’ अशी वाटणी झाशीवरच्या कथेत निःशंकपणे करता येईल.